बारा वाफे, बारा बायका

आबा,

गेल्या आठवड्यात मी तुमची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली आणि माणसं पुन्हा हसली. तीसेक तरुण मुलंमुली होती, लॉनच्या गवताच्या चाचण्या कशा घ्यायच्या हे शिकायला आलेली. दुपारच्या जेवणानंतर वर्ग पेंगायला लागला की मी ही गोष्ट काढते. कित्येक वर्षं काढते आहे. बडोद्याजवळच्या सावली गावाला आमची चाचणी चालू होती, बारा वाफे होते, एक राखणदार होता. धरो आठमच्या दिवशी गावातल्या आठ बायका दूर्वांची पूजा करायला आल्या, तर हा राखणदार त्यांना म्हणाला, वाफे बारा आहेत आणि तुम्ही आठच, जा, आणखी चार जणींना घेऊन या. इथे सगळे हसतात. मीही हसते. 'एक राखणदार' म्हणते, 'माझे वडील' म्हणत नाही. शेवटी सांगते की ती चाचणी बाद करावी लागली. या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिने हात वर केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पण मॅडम, मग ती चाचणी बाद का केली? बारा वाफ्यांवर बारा बायका म्हणजे सगळीकडे सारखंच झालं ना?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, बाहेरचं माणूस वाफ्यात शिरलं की आकडे संपले. तिने मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं. ती लिहून घेत होती ते मला बघवेना, म्हणून मी चहाची सुट्टी दहा मिनिटं आधीच देऊन टाकली.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारणार कोण? सगळं खरं माहीत असलेली माणसं दोनच होती, त्यातले तुम्ही बोलला नाहीत आणि मी गोष्ट करून टाकली. विनोदी गोष्ट. आता नीट लिहून काढते. तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी गवताचं सांग, माणसांचं मग बघू. तर आधी गवताचं सांगते.

ते दिवस नव्या मालाचे होते. घरोघरी केबलच्या तारा आल्या होत्या, लहरीपुऱ्यातल्या दुकानांवर परदेशी शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि सावलीच्या रस्त्याला एकापाठोपाठ एक कारखाने उभे राहत होते. प्रत्येक कारखान्याला फाटकाशी हिरवंगार लॉन हवं होतं, कॅलेंडरच्या चित्रात असतं तसं. आमच्या कंपनीने परदेशातून लॉनच्या गवताच्या तीन जाती आणल्या होत्या आणि शेतकी पदवी घेतलेली मी त्यांच्या चाचण्यांसाठी नेमलेली पहिली बाई होते. तीन परदेशी जाती आणि तुलनेला इथलं एक गवत, अशा चार. प्रत्येकीचे तीन वाफे, म्हणजे बारा. असेच बारा वाफे डोंगरावरच्या एका थंड गावात आणि असेच बारा समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत. तिन्ही हवामानांत तगेल असं एकच गवत कंपनीला हवं होतं, म्हणजे एकच माल सगळ्या देशभर विकता आला असता. थंडी डोंगराकडे, मीठ समुद्राकडे आणि ऊन सावलीच्या मुरमाड जमिनीकडे सोपवलेलं होतं.

इथलं गवत, म्हणजे यादीतली एक नंबरची जात, म्हणून मी तुमची हरळी निवडली. तुमचीच म्हणायची, कारण शहरातल्या जुन्या क्लबाच्या मैदानावर उभ्या आयुष्याची नोकरी करून तुम्ही ती घडवली होती. जिथे पातं बारीक दिसेल, जिथे उन्हाळ्यात हिरवं राहील, तिथला तुकडा उचलून रोडक्या जागी लावायचा, दरवर्षी, न कंटाळता. आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यावरून तुम्ही स्वतःचीच थट्टा करायचात, की वडिलांनी जे घोड्यांपुढे टाकलं ते मी कंगव्याने विंचरतो. निवृत्त झालेले होतात तरी क्लबात जाऊन तुम्ही काड्या काढून आणल्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळल्यात आणि एसटीत मांडीवर घेऊन सावलीला आलात. कंडक्टरने विचारलं, काका, आत काय आहे? तुम्ही म्हणालात, "लेकीचं माहेर आहे." तो काय समजला कोण जाणे.

वाफे राखायला विश्वासाचं माणूस हवं होतं, आणि तुमच्याइतका गवतावर जीव असलेला माणूस मला दुसरा माहीत नव्हता. पण कंपनीत नातेवाइकांना कामावर घेता येत नसे. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं होतं, तेव्हा लपवणं सोपं होतं. मी तुम्हाला चाचरत सांगितलं. तुम्ही मिशीत हसलात आणि विचारलंत, "मग तुला काय म्हणू, मॅडम की बेन? आत्ताच नक्की करून टाक ने, नंतर माझा घोटाळा व्हायचा." मॅडम ठरलं. तुम्हाला त्याची गंमत वाटत होती. मला तेव्हाही थोडी लाज वाटली, पण ती अंगावर टिकली नाही.

त्या वाफ्यांवर मी जे शिकले ते पदवीत शिकले नव्हते. गवताला गुण द्यायचे असतात, एक ते नऊ. एक म्हणजे मेलेलं, नऊ म्हणजे दाट, एकसारखं, गर्द. गुण एकाच माणसाने द्यायचे, एकाच वेळेला, सूर्य पाठीशी ठेवून, कारण डोळा फार लवकर फसतो. मी टोपी घालून, पाटीला कागद लावून गुण द्यायची. तुम्ही पहाटे चपला कुंपणाबाहेर काढून अनवाणी एक फेरी मारायचात आणि मला गुण आधीच सांगायचात. बहुतेक वेळा तुमचा आणि माझा आकडा एकच यायचा. एकदा तुम्ही मला वाफ्यावर पाय दाबायला लावलात. "आता उचल. बघ, पाऊल उठलं का? पातं परत उभं राहिलं तर पोट भरलेलं. पाऊल तसंच राहिलं तर तहानलेलं आहे, ओरडत नाही एवढंच." पुढे एका इंग्रजी पुस्तकात मला हीच परीक्षा सापडली, आकृतीसकट. ती तुम्हाला दाखवायची राहून गेली. आबा, ती दाखवायला फारसा वेळ लागला नसता.

आणि तुमची वही. लांबट, लाल कापडी पाठीची, वाण्याकडे असते तसली. तिच्यात तुम्ही रोजचं लिहायचात. प्रत्येक वाफ्याला एक दिवसाआड दोन बादल्या पाणी ठरलं होतं. त्यात चुकून एक तांब्या कमीजास्त झाला तरी तुम्ही तो लिहून ठेवायचात आणि दुसऱ्या फेरीला बाकीच्या अकरा वाफ्यांना तेवढाच द्यायचात. एका दुपारी सातव्या वाफ्यावर कुत्रं लोळलं, तर तुम्ही उरलेल्या वाफ्यांवर तेवढ्याच जागेत गोणपाट लोळवलंत. मी हसून म्हटलं, आबा, हे अति होतंय. तुम्ही म्हणालात, "पोरी, ही परीक्षा आहे ने? मग एका पोराला जास्त धक्का आणि दुसऱ्याला कमी, असं कसं चालेल? आणि एक नंबर तर आपल्या घरचा आहे. त्याच्या बाबतीत तर डबल जपायला पाहिजे."

वैशाख सरला तेव्हा काय झालं होतं ते आपल्या दोघांनाही स्पष्ट दिसत होतं. परदेशी दोन नंबर, ज्याच्यावर कंपनीची सगळी भिस्त होती, ते डोंगरावर देखणं होतं, समुद्रकाठी चांगलं होतं आणि सावलीला पिवळं पडून, मग तांबूस होऊन बसलं होतं. तीनही वाफ्यांत तसंच. तुमची हरळी तीनही वाफ्यांत सात, आठ, कधी साडेआठ. डोंगरावर तीच हरळी थंडीत वाळक्या काड्यांसारखी झाली होती, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही अजिबात नाराज झाला नाहीत. "बडोद्याची आहे ती. डोंगरावर तिचं काय काम?" एवढंच म्हणालात. कंपनीतल्या माझ्या साहेबांची गोष्ट मात्र वेगळी होती. ते दिल्लीहून बदलून आलेले, हुशार, माझ्याशी नेहमी नीट बोलणारे. दोन नंबरचा परदेशी करार झाला होता आणि सगळ्या हवामानांत चालणारं गवत अशी जाहिरात छापायला गेली होती. त्यांनी माझे कागद चाळले, सावलीच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "सावली का कुछ देखिए." बस. तेवढंच म्हणाले. मी ते 'देखिए' उराशी धरून तीन महिने फिरत राहिले.

भाद्रपदात पावसाने पंधरा दिवस दडी मारली होती. मी डोंगरावरच्या वाफ्यांना गुण द्यायला गेले होते आणि परतताना साहेबांच्या गाडीने त्यांच्यासोबत थेट सावलीला आले. गाडीतून उतरले तर बाराही वाफे लाल. प्रत्येक वाफ्याच्या मधोमध कुंकवाचा ठिपका, तांदूळ, ओलसर माती, आणि कडेचं मूठभर गवत खुडलेलं. आदल्या दिवशी धरो आठम होती. गुजराती बायका त्या दिवशी आपण दूर्वा म्हणतो त्या धरोची पूजा करतात, मुलाबाळांसाठी, वंशाच्या वेलीसाठी. त्या वर्षी आसपास हिरवी धरो कुठे उरली नव्हती, ती आपल्या कुंपणाआड तेवढी होती. आठ जणी कंकू-चोखा घेऊन फाटकाशी आल्या होत्या. "काका, अमने थोडी धरो पूजवा दो ने." व्रताच्या बायकांना रिकाम्या हाती परत पाठवणं तुम्हाला जमणार नव्हतं, आणि वाफ्यांत भेदभाव करणंही जमणार नव्हतं. म्हणून तुम्ही त्यांना म्हणालात, "बेन, क्यारा बार छे. तमे आठ जणां. बीजां चार ने बोलावी लावो." त्या खरोखरच गेल्या आणि चार जणींना घेऊन आल्या. मग तुम्ही एकेकीला एकेक वाफा नेमून दिलात. एक चिमूट कंकू, एक मूठ धरो, अर्धा लोटा पाणी. एकीने कुजबुजत विचारलं की ही परदेशी धरो देवाला चालते का, तर तुम्ही म्हणालात, देवाकडे पासपोर्ट तपासत नाहीत. हे सगळं मला त्या बायकांपैकी एकीने पुढे सांगितलं, हसता हसता. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण मी सांगू दिलं नाही.

साहेब वाफ्यांकडे बघून आधी चकित झाले आणि मग मोठ्याने हसले. "ये क्या पूजा-पाठ चल रहा है?" तुम्ही शेडमधून घाईघाईने आलात, बगलेत ती वही. तुमच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट, एखादं अवघड काम नीट पार पाडलेल्या माणसाचा चेहरा होता तो, सांगायला उत्सुक. मी तुम्हाला बोलू दिलं नाही. मी तुमच्याशी गुजरातीत बोलले. आपण दोघं जन्मात कधी एकमेकांशी गुजरातीत बोललो नव्हतो. मी म्हटलं, "काका, तमने आटलुंय समजातुं नथी?" एवढंही कळत नाही का तुम्हाला, असं मी माझ्या बापाला म्हटलं, तेही काका म्हणून. तुम्ही एक क्षण माझ्याकडे बघितलंत. मग साहेबांकडे बघून म्हणालात, "भूल थई गई, मॅडम." आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "पण बार जणां हतां." बारा जणी होत्या. मला त्याच क्षणी कळलं होतं, आबा. त्या मुलीला मागच्या बाकावर जेवढ्या वेळात कळलं तेवढ्याच वेळात मलाही कळलं होतं. बारा होत्या म्हणजे आकडे शाबूत आहेत, सावलीची चाचणी शाबूत आहे आणि तुमची हरळी जिंकली आहे. मी म्हटलं, "बस." तुम्ही वही बगलेतून काढलीच नाहीत.

गाडीत साहेब म्हणाले, "आपको तो कारण मिल गया." मी हो म्हटलं. अहवालात इंग्रजीत वाक्य लिहिलं, ते मी स्वतः लिहिलं, कोणी सांगितलं नव्हतं: राखणदाराच्या हलगर्जीपणामुळे बाहेरच्या व्यक्ती वाफ्यांत शिरल्या, सबब सावलीची चाचणी बाद समजावी. राखणदाराचं नाव लिहायची पद्धत होती, म्हणून तुमचं नाव लिहिलं. स्पेलिंग तपासलं. क्लबात इतक्या वर्षांत तुमच्या नावावर एक शेरा नव्हता, एक मेमो नव्हता, आणि तुम्ही हे कधी बढाई मारून नाही, पण हळूच सांगायचात. तो पहिला शेरा पोटच्या पोरीने दिला. त्या वर्षी मला बढती मिळाली. आईने देवापुढे पेढे ठेवले.

रविवारी मी नागरवाड्याला घरी आले होते. स्वयंपाकघरात आई वरणफळं करत होती, स्टोव्हचा आवाज चालू होता, तुम्ही पाटावर बसलेले. सावलीहून आदल्या दिवशीच वळकटी घेऊन परत आला होतात. तुम्ही बंडीच्या खिशातून कंपनीचं पत्र काढलंत, एका पानाचं, इंग्रजीतलं. तुमचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. पण क्लबाच्या हजेरीपटावर सही इंग्रजीत करावी लागायची, त्यामुळे स्वतःचं नाव तुम्हाला इंग्रजीत वाचता येत होतं. तेवढंच येत होतं. तुम्ही नावाखाली बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हे माझं नाव आहे ने? ह्याच्या पुढे काय लिहिलंय, वाचून दाखव." आईनेही लाटणं थांबवलं. मी वाचायला लागले. म्हटलं, लिहिलंय की सावलीचं काम पूर्ण झालं, राखणदारांनी वाफ्यांची उत्तम निगा राखली, कंपनी त्यांची आभारी आहे. आई म्हणाली, "बघा, कदर असते माणसाची." तुमचं बोट तसंच नावाखाली होतं. मग म्हणालात, "परत वाच."

परत वाचायला काय जातं? डोळ्यांपुढे कागद होता, त्यावर दुसरंच लिहिलेलं होतं, आणि मी पहिल्यांदा काय बोलले ते शब्द मला आठवेनात. मी दुसऱ्यांदा वाचलं ते असं, की इतकी वर्षं मैदान सांभाळलेल्या अनुभवी माणसाचा कंपनीला फार उपयोग झाला, पुढच्या वेळी अवश्य बोलावू. पहिल्यापेक्षा लांब झालं. पत्र तेवढंच होतं. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत, घडीवर घडी घातलीत, खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "बरं." मग आईला म्हणालात, "वाढ ने आता, पोर दमून आली आहे." मी दोनदा वरणफळं मागून घेऊन खाल्ली. मला भूक होती, हेही लिहायला हवं.

पुढच्या वर्षी क्लबाच्या कमिटीला मैदान टीव्हीवर दिसतं तसं करायचं होतं. कंपनीने त्यांना अहवाल दाखवला. डोंगरावर उत्तम, समुद्रकाठी उत्तम, सावलीची चाचणी बाद. उन्हाविषयी अहवालात चकार शब्द उरला नव्हता. त्यांनी दोन नंबर घेतलं. तुमची हरळी नांगरून काढली, तेव्हा तुम्ही कुंपणाबाहेर उभे होतात असं आईने मला सांगितलं, चपला हातात घेऊन. त्या दिवशी तुम्ही गोणपाटात एक गड्डा घेऊन घरी आलात आणि गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलात. नवं मैदान दिवाळीत फार सुंदर दिसत होतं. वैशाखात तांबूस पडलं, दुसऱ्या वैशाखात मेलं, आणि कमिटीने नव्या माळ्याला बोल लावला. मी धीर करून तुमच्यापाशी विषय काढला, म्हटलं, ते गवतच नाजूक निघालं. तुम्ही डब्याला पाणी घालत होतात. "गवताचा काय दोष? त्याला आधी विचारायला पाहिजे, बडोद्याचं ऊन सोसवेल का." मग तांब्या खाली ठेवून म्हणालात, "आपण विचारलं होतं ने? त्याने उत्तर पण दिलं होतं." मी खाली निघून गेले. आईला काहीतरी मदत करायची आहे असं म्हणाले.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. चार वर्षांत मी सांगू शकले असते. आजारपणात तर मी रोज येत होते, तुमचे पाय चेपत होते, ते टाचांना भेगा पडलेले, गवत ओळखणारे पाय. रोज ठरवायची आणि रोज वाटायचं की तुम्हाला काही माहीतच नाही, तर आता कशाला मन दुखवा. किती सोयीचा विचार होता. तुम्ही गेल्यावर आईने तुमची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. वही तिच्यात होती. मी जमिनीवर बसून पानं उलटत गेले. बादल्या, वाफे, "सात नंबर तहानलेला", कुत्रं, गोणपाट. मग ते पान आलं. "आठम. बारा बाया. प्रत्येकी एक वाफा. एक चिमूट कंकू, एक मूठ, अर्धा लोटा. सर्व सारखे." त्याच्या खाली काही दिवसांनी, "शनिवार. क्लबात कारकुनाकडून पत्र वाचून घेतले. राखणदाराची हलगर्जी झाली असे लिहिले आहे." आणि त्याच्या खाली शेवटची ओळ. त्यापुढे वही कोरी आहे. "रविवार. पोरीने वाचून दाखवले. दोनदा."

तुम्हाला शनिवारीच माहीत होतं. तुम्ही माझ्यापुढे पत्र ठेवलंत ते वाचून घ्यायला नाही, मला सांगता यावं म्हणून. आणि पहिल्यांदा मी खोटं बोलले तर तुम्ही आणखी एक संधी दिलीत, सातव्या वाफ्याचा धक्का बाकीच्या वाफ्यांना देणाऱ्या माणसाने मोजून दिलेली. मी ती वही कोणाला दाखवली नाही. आईलाही नाही. ती पेढ्यांसकट समाधानाने गेली. मी त्यातली बारा बायकांची तेवढी गोष्ट उचलली आणि तिच्यावर लोकांना हसवत राहिले. यापेक्षा निर्लज्ज दुसरं काय असतं, मला सांगता येणार नाही.

डबा माझ्याकडे आहे. खालून गंजला, म्हणून दोनदा बदलला. आत तीच हरळी आहे. गणपतीत शेजारणी दूर्वा मागायला येतात, त्या देते. आज सकाळी त्या मुलीचा फोन नंबर वर्गाच्या यादीतून काढून ठेवला आहे. तिने वहीत लिहून घेतलेलं वाक्य खोडायला सांगायचं आहे, आणि तो राखणदार कोण होता तेही. अजून फोन केलेला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. एक कबूल करते. आधीच्या कागदावर मी लिहिलं होतं की साहेबांनी मला ते वाक्य लिहायला लावलं. तो कागद फाडला. त्यांनी फक्त 'देखिए' म्हटलं होतं. मग हा कागद स्वयंपाकघरात नेला, दार लावून घेतलं आणि तुम्ही पाटावर बसला आहात असं धरून मोठ्याने वाचला. संपल्यावर परत वाचला. दोन्ही वेळा तेच शब्द आले, आबा.